समोरचं ऐकणारा माईक

"टेपरेकॉर्डर के बारे में कुछ जानते हो?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा देवरावानं "जी साहब" म्हणून टाकलं. आयुष्यात त्यानं ते यंत्र एकदाच पाहिलं होतं, तेही नागपूरला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, आठव्या रांगेतून. पण साहेबलोकांपुढे 'नाही' म्हणायची देवरावाला सवय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यानं लहानपणीच शिकून घेतलं होतं आणि त्या मुठीच्या जोरावर तो तिरोड्याजवळच्या खेड्यातून भिलाईच्या ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत आला होता.

देवराव टेंभरे वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो एका ठेकेदार कंपनीच्या कॅम्प ऑफिसात स्टेनो होता. साल त्रेसष्टचं. कारखाना सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि आता तो वाढवायचं काम जोरात चाललं होतं. नवे शेड, नवे पाये, नव्या चिमण्या. भंडाऱ्याकडची, बालाघाटकडची शेकडो माणसं शेती सोडून लोखंड उचलायला आली होती आणि कॅम्पातल्या टिनाच्या खोल्यांत राहत होती. देवराव त्यांच्यातलाच. फक्त शर्टाला इस्त्री होती, खिशाला पेन होतं, आणि ऑफिसात कुणी विचारलं की तो 'नागपूरचा' होता.

फाल्गुनात त्या कंपनीच्या कामावर एक माणूस मेला. चिंधू नाव त्याचं. खलाशी होता, म्हणजे विंच या दोर ओढणाऱ्या यंत्रानं जड माल वर चढवायचं काम. एका मंगळवारी दुपारी तारेचा दोर तुटला, वर चाललेली तुळई खाली आली आणि चिंधू तिच्याखाली सापडला. त्याचा सुपरवायझर शामराव म्हणाला, चिंधूनंच घाईत हूक वाकडा लावला आणि नियम मोडून मालाखाली उभा राहिला. कॅम्पात मात्र नळावर, चुलीपाशी, सगळीकडे कुजबुज होती की दोराचे पदर आधीच तुटलेले होते आणि चिंधूनं ते शामरावाला दाखवलंही होतं. पण कुजबुजीला कागदावर जागा नसते.

आणि सगळं त्या कागदावरच अडलं होतं. चूक चिंधूची निघाली तर त्याच्या बायकोला, मनकर्णाला, महिन्याच्या आत खोली सोडून गावी जायचं होतं. दोर खराब असल्याचं आधी सांगूनही काम चालवलं असं निघालं, तर तिला स्टोअरमध्ये कायमची नोकरी आणि खोली तिच्याच नावावर. गावी मनकर्णाचं कुणी उरलं नव्हतं. पण तिला विचारलं असतं तर तिनं खोलीचं नाव आधी काढलं नसतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की माणूस स्वतःच्या मूर्खपणानं मेला असं कुणी लिहू नये.

चौकशी करणारे लेबर ऑफिसर कलकत्त्याकडचे होते. शांत, बारीक आवाजाचे, कामाला चोख. एकेकाला बोलावून त्यांनी जबाब घेतले आणि एकेकानं "मालूम नहीं साहब" म्हणून अंगठा उठवला. तेव्हा त्यांना वाटलं, सगळ्यांना एकत्र बसवावं, गप्पा होऊ द्याव्यात. एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवेल, तिसरा चूक सुधारेल. मध्ये यंत्र ठेवावं, सगळं त्यात उतरेल आणि मग ते ऐकून स्टेनोनं अक्षर न् अक्षर टाइप करावं. कल्पना चांगलीच होती.

"तुम मराठी हो," ते देवरावाला म्हणाले. "इन लोगों की बोली समझते होगे?"

"थोड़ी-थोड़ी, साहब," देवराव म्हणाला. "मैं नागपूर साइड का हूँ. ये देहाती बोली है."

ही दुसरी थाप. चिंधूचं गाव देवरावाच्या गावापासून सहा कोसांवर होतं. देवरावाची आई मरताना ज्या बोलीत "पानी दे बापा" म्हणाली, तीच ही बोली. पण साहेबांनी ते शब्दशः खरं मानलं. मग दुभाष्या कोण, असा प्रश्न निघाला आणि दुभाष्या म्हणून शामरावच बसेल असं ठरलं, कारण त्याला दोन्ही भाषा येत होत्या. ज्याच्यावर आरोप तोच दुभाष्या. साहेबांच्या मनात पाप नव्हतं. आरोप कुणी तोंडानं केलाच नव्हता, तर त्यांना तरी कुठून कळणार? कळत होतं ते देवरावाला, आणि तो मूग गिळून बसला.

यंत्र निवडायला कंपनीनं त्याला नागपूरला पाठवलं. किमतीकडे पाहू नका, काम चांगलं झालं पाहिजे, असं साहेबांनी बजावलं होतं. सीताबर्डीवर रेडिओचं एक जुनं दुकान होतं. मालक बाबाराव म्हणून, जाड चष्म्याचे, बनियनवर बसलेले. त्यांनी दोन यंत्रं टेबलावर काढून ठेवली.

एक होतं करड्या रंगाचं, कोपरे झिजलेलं, लोखंडी पेटीसारखं. त्याला लांब वायरीचे दोन माईक होते, दिसायला अगदी साधे. दुसरं नवंकोरं, मलईच्या रंगाचं, पुढे सोनेरी जाळी, आवाज आला की उघडमीट करणारा हिरवा डोळा. त्याचा माईक स्टँडवर उभा, चकचकीत, एखाद्या पुढाऱ्यानं समोर उभं राहून भाषण द्यावं असा.

"कायच्यासाठी पायजे?" बाबारावांनी विचारलं.

"एक चर्चा ध्वनिमुद्रित करावयाची आहे," देवराव म्हणाला. दुकानात शिरताना तो छापील मराठी बोलायला लागे.

"किती मानसं?"

"दहा-बारा."

"खुर्चीवर बसतीन का खाली?"

इथे देवराव अडखळला. शेजारी एक सुटाबुटातले गृहस्थ रेडिओ पाहत होते. त्यांच्या देखत 'मजूर आहेत, सतरंजीवर बसतील, टिनाची शेड आहे' असं म्हणायला त्याची जीभ वळेना. "खुर्चीवर," तो म्हणाला. "अधिकारी मंडळी आहेत."

"सारे समोरासमोर?"

"हो."

"बायामानसं नाहीत ना? त्या हळू बोलतेत, तोंडावर पदर घेऊन. त्याले मशीन दुसरी लागते."

"नाहीत," देवराव म्हणाला.

बाबारावांनी तरी करड्या पेटीवर हात ठेवला. "हे आमच्या भजनी मंडळाले दिली होती. पंधरा जन गोल बसले होते. शेवटच्या टाळकऱ्याचा खोकला आला टेपवर. हे माईक चारी बाजूचं घेतेत. एक पुरुषांत ठेवा, एक बायांत." मग त्यांनी नव्या यंत्राच्या चकचकीत माईकला बोट लावलं. "हा समोरचं घेते. एकदम साफ घेते. पन पाठीमागचं घेत नाही, हे ध्यानात ठेवा. साहेबलोकांची मीटिंग असन तं याच्यासारखा दुसरा नाही."

देवरावानं करड्या पेटीकडे पाहिलं. ती घेऊन ऑफिसात गेलो तर लोक म्हणतील, नागपूरहून हे काय उचलून आणलं. आणि दुसऱ्यात तो हिरवा डोळा होता. "हेच द्या," तो म्हणाला.

गाडीत त्यानं ते मांडीवर घेतलं. वजनानं पाय बधिर झाले, पण डब्यातले लोक वाकून वाकून पाहत होते, म्हणून त्यानं ते खाली ठेवलं नाही. घरी बायकोला, कलावतीला, त्यानं ते सुरू करून दाखवलं. तिचाच आवाज तिला ऐकवला. ती पदर तोंडाला लावून हसली. "याच्यात खोटं जात नाही," देवराव म्हणाला. "जो जे बोल्ला ते त्याच्याच आवाजात. उद्या कोणी पलटला तं टेप लावून दाखवता येते." घरात तो आपल्या बोलीत बोलत असे, आणि जरा जास्तच बोलत असे.

कलावतीनं ते दुसऱ्या दिवशी नळावर मनकर्णाला सांगितलं. मनकर्णा तोपर्यंत बोलायला तयारच नव्हती. तिला बोलणं अवघड होतं याचं कारण नुसती भीती नव्हती. शामराव चिंधूचा चुलतभाऊ, वयानं मोठा, म्हणजे तिचा भासरा. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या देखत आवाज चढवत नाही. बोलायचंच झालं तर शेजारच्या बाईच्या कानात सांगते आणि ती बाई मोठ्यानं सांगते. नवरा मेला म्हणून भासरा भासऱ्याचा कुणी दुसरा होत नाही. पण मशीनमध्ये खोटं जात नाही, खरं गेलं की ते राहतं, हे ऐकल्यावर मनकर्णा म्हणाली, "मंग मी सांगतो."

रविवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमले. टेबलामागे साहेब, त्यांच्या बाजूला शामराव. टेबलावर यंत्र आणि माईक साहेबांकडे तोंड करून, कारण त्या माईकला तोंड होतं आणि ते साहेबांकडे नाही तर कुणाकडे करायचं? पुरुष टेबलाच्या दोन्ही कडांना सतरंजीवर दाटीवाटीनं बसले. बाया आल्या त्या मागच्या दारानं, आणि शामरावाच्या थेट नजरेत येऊ नये म्हणून माईकच्या पाठीमागे, भिंतीला लागून बसल्या. वर टिन तापत होतं, पंखा घरघरत होता. देवराव यंत्रापाशी स्टुलावर बसला आणि त्यानं बटण दाबलं.

साहेबांनी छान सुरुवात केली. घाबरू नका म्हणाले, गप्पा मारा म्हणाले. हिरवा डोळा त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर उघडझाप करू लागला. शामरावानं ते मराठीत सांगितलं. डोळा नाचला. पुरुषांपैकी नत्थू नावाचा एक खलाशी दोनदा घसा साफ करून म्हणाला, "काम कडक होतं साहेब." त्यापुढे तो गेला नाही. त्यांची हजेरी शामराव लिहीत होता.

मग भिंतीपाशी बाया सरकल्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या. मनकर्णानं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि ती शेजारच्या गयाबाईच्या कानाला लागली. बराच वेळ बोलत होती. गयाबाई तिच्याबरोबर घमेली उचलणारी, वयस्कर, धीट बाई. ती म्हणाली,

"साहेब, हे म्हनते, मंगळवारी सकायी चिंधूनं दोर दाखवला होता. तीन पदर तुटले होते. म्हने, दोर बदलून द्या. तं त्याले सांगतलं, आजचा दिवस चालव, उद्या पाहू. हे तेथीच घमेलं घेऊन उभी होती. हिनं कानानं आयकलं."

कुणी सांगितलं ते गयाबाई म्हणाली नाही. पण बोलताना ती शामरावाकडे पाहत होती, आणि शेडमध्ये एकही पुरुष मान वर करून नव्हता.

देवरावानं शब्द न् शब्द ऐकला. त्यानं हिरव्या डोळ्याकडेही पाहिलं. डोळा हलला नव्हता. पंख्याच्या घरघरीवर जेवढा थरथरत होता तेवढाच थरथरत होता. हात लांबवून माईक फिरवायला किती वेळ लागला असता? पण मग साहेबांनी विचारलं असतं, का फिरवला? उधर का नहीं लेता है क्या? त्यानं मनाची समजूत घातली, थोडं तरी उतरलंच असेल.

"क्या बोली?" साहेबांनी विचारलं.

शामराव खाकरला. "बोलती है साहब, चिंधू को हमेशा जल्दी रहती थी. मंगल को सुबह रस्सी देखी थी, ठीक थी. वो बोली, मैं वहीं खड़ी थी."

हिरवा डोळा टक्क उघडला. गयाबाईला हिंदी अर्धंमुर्धं कळत होतं. तिनं शामरावाकडे पाहिलं, मग देवरावाकडे. आपल्या कॅम्पातला, आपल्या बाजूचा, शिकलेला माणूस. हा काही बोलेल असं तिला वाटलं असणार. देवराव रिळाकडे बघत राहिला. मशीन आहे ना, तो स्वतःशी म्हणाला, मशीन सांगेल. स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या गोष्टीसाठी तो मशीनची वाट पाहत बसला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आरशामागे लपायची सोय असली की माणूस आरसाच मागतो.

सोमवारी त्यानं टेप लावली. साहेब स्वच्छ, शामराव स्वच्छ, नत्थूचा घसासुद्धा स्वच्छ. मग पंखा. पंख्यात बांगड्या. बांगड्यांच्या मागे कुठेतरी बाईमाणसाचा आवाज आहे एवढं कळत होतं, एकही शब्द नाही. मग "क्या बोली?" आणि मग शामरावाचं खणखणीत खोटं. देवरावानं टेप मागे घेतली. पुन्हा लावली. यंत्राला कान टेकवून ऐकली. दहा वेळा, बारा वेळा. त्याला तो आवाज ऐकू येत होता, कारण त्याला ते शब्द पाठ होते. टेपवर ते नव्हते.

त्याला नागपूरचं दुकान आठवलं. खुर्चीवर बसतील. अधिकारी मंडळी. बाया नाहीत. तीन प्रश्न आणि तीन खोटी उत्तरं, तीही एका अनोळखी सुटाबुटातल्या माणसापुढे, ज्याचं तोंडही आता आठवत नव्हतं.

तरी अजून उशीर झाला नव्हता. साहेबांकडे जाऊन म्हणता आलं असतं की मी तिथं होतो, मी ऐकलं, मला ही बोली येते. तो उठलाही. साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हाँ देवराव," साहेब म्हणाले. "मशीन ठीक चली?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं खरं उत्तर द्यायचं तर एक थाप उकलून भागत नव्हतं, सगळीच वीण उसवायला लागत होती. टेपरेकॉर्डर कळत नाही, बोली कळते, नागपूरचा नाही, यंत्र दिसायला छान म्हणून आणलं.

"बहुत अच्छी चली, साहब," देवराव म्हणाला.

त्यानं टाइप केलं. बायांच्या जागी 'आवाज अस्पष्ट' असं लिहिलं आणि त्याखाली शामरावाचं भाषांतर. शेवटी एक ओळ टाकायची होती, की वरील मजकूर टेपवरील आवाजाची खरी नक्कल आहे. ती अगदी खरी होती. तिच्याखाली सही करताना देवरावाला जेवढी लाज वाटली तेवढी त्याला खोटी सही करतानाही वाटली नसती. तीन दिवस तो घरी नीट जेवला नाही. कलावतीला सांगितलं, पोट बरं नाही.

आठ दिवसांनी निकाल लागला. चिंधू, खलाशी, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत. मनकर्णाला महिनाअखेर खोली सोडायची नोटीस मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती देवरावाच्या घरी आली. कलावती बाजारात गेली होती. मनकर्णा उंबऱ्याच्या बाहेरच टेकली. रडून झालेलं होतं, आता डोळे नुसते कोरडे आणि लाल होते. देवरावाला वाटलं, ही शिव्या द्यायला आली. त्यानं मनातल्या मनात त्या सगळ्या शिव्या आधीच खाऊन घेतल्या.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तुमची माफी मांगाले आली."

देवरावाला काही कळेना.

"कलाबाईनं मले सांगतलं होतं, तुमी येवढी मशीन आनली, त्याच्यात खरं राह्यते म्हनून. मी हळू बोल्ली. भासरा समोर होता, मले जमलंच नाही. नत्थू सांगून राह्यला, मशीनले आयकूच नाही आलं. तुमचं काही चुकलं नाही. माह्याच लाजेपायी त्याचं नाव खराब झालं." ती थांबली. "रातभर तेच वाटून राह्यलं. येक डाव जोरानं बोल्ली असती तं काय झालं असतं. भासरा काय मले खाऊन टाकत होता?"

आता देवरावाचं सोंग संपलं. इतके दिवस लाज त्याची एकट्याची होती, लपवायची, पोट बरं नाही म्हणून निजायची. ती या बाईनं आपल्या माथ्यावर घेतली होती आणि त्याची माफी मागायला उन्हातून चालत आली होती. त्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"वयनी," तो म्हणाला, "तुमी हळू बोल्ल्या नाही. गयाबाई मोठ्यानं बोल्ली. मी आयकलं."

"तुमी आयकलं?"

"सारं आयकलं. तीन पदर तुटले होते. आजचा दिवस चालव, उद्या पाहू. मशीनच चुकीची होती. पाठीमागचं घेतच नाही ते. दुकानदारानं मले सांगतलं होतं. मीच पसंत केली, दिसाले साजरी म्हनून."

मनकर्णा त्याच्याकडे पाहत राहिली. मशीनचं तिला काही समजलं नाही आणि समजून घ्यायचंही नव्हतं. तिनं एकच गोष्ट धरली.

"तुमी आयकलं होतं तं मंग बोल्ले कावून नाही?"

दारावरून माणसं ये-जा करत होती. ती उठली, पदर खोचला.

"चाला मंग," ती म्हणाली. "आता बोला."

रागानं नाही म्हणाली. घागर भरून ठेवा म्हणावं तसं म्हणाली. देवरावानं चपला घातल्या आणि तो तिच्यामागून निघाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, त्याला चालताना वाटलं, पण थांबायची हिंमतही त्याच्यात उरली नव्हती. कॅम्पातली माणसं पाहत होती. पुढे विधवा बाई, मागे इस्त्रीच्या शर्टातला स्टेनो.

साहेब एकटेच होते. देवरावानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गयाबाई काय बोलली, शामरावानं काय सांगितलं, माईक कुठल्या तोंडाचा होता. आपल्याला बोली कळते, पूर्ण कळते, तीच आपली बोली आहे, हेही सांगितलं. बोलता बोलता त्याचा आवाज इतका खाली गेला की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

साहेबांनी फाइलमधून टाइप केलेला कागद काढला आणि सही त्याच्याकडे फिरवली.

"यह तुम्हारी साइन है?"

"जी."

"उस दिन मैंने पूछा था, मशीन ठीक चली? तुमने कहा, बहुत अच्छी." त्यांचा आवाज चढला नाही. "रिपोर्ट ऊपर जा चुकी है. टेप में कुछ नहीं है. बाकी लोग बोलेंगे नहीं. इस औरत की तरफ से एक ही गवाह है, तुम. और ऊपरवाले मुझसे पहली बात यही पूछेंगे कि जो आदमी अपनी माँ की बोली तक छिपाता है, उसकी कौन-सी बात मानें. मैं क्या जवाब दूँ? तुम ही बताओ."

त्यांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला.

"रिपोर्ट नहीं बदलेगी," साहेब म्हणाले, आणि त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नाही हे दिसत होतं.

मनकर्णा दाराशी उभी होती. इथं भासरा नव्हता, तिचं तोंड उघडं होतं. साहेब आणि देवराव यांच्या तोंडांकडे ती आळीपाळीनं बघत होती.

"काय म्हनून राह्यले साहेब?" तिनं विचारलं.

त्यानं गुळमुळीत काहीतरी सांगितलं असतं तर चाललं असतं. कागद गेला म्हनतेत, उशीर झाला म्हनतेत, एवढ्यावर तिचं समाधान झालं असतं आणि ती पुन्हा त्याला भाऊ म्हणाली असती. देवराव तिच्याकडे वळला.

"म्हनतेत, कागद आता बदलत नाही. तुमच्या बाजूनं बोलनारा येकच मानूस होता, तो म्हनजे मी. आन् जो मानूस आपल्या मायची बोली लपवते, त्याच्या बोलन्यावर कोनी भरवसा कावून ठेवावा, असं म्हनतेत."

त्यानं एक शब्द गाळला नाही. मनकर्णानं ते नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"बराबर हाय त्यायचं," ती म्हणाली. "मी बी नसता ठेवला."

"क्या बोली?" साहेबांनी विचारलं.

देवरावानं तेही जसंच्या तसं सांगितलं.